मिरवणूक, रस्ता आणि परवानगी

रत्नागिरी शहरातले बहुतेक रस्ते नगर परिषदेचे, पण त्या रस्त्यांवरून मिरवणूक न्यायची तर अर्ज करावा लागतो पोलीस ठाण्यात. मंडप, स्वागताची कमान, रस्त्यात रोवलेले खांब यांची परवानगी नगर परिषद देते. माणसे किती वाजता निघणार, कोणत्या नाक्यावरून वळणार आणि कधी पांगणार, हे पोलीस ठरवतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. रत्नागिरीत आयुक्तालय नाही, म्हणून इथे तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच येतो.

या अधिकाराचे मूळ महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्यात आहे. जुने लोक त्याला अजूनही मुंबई पोलीस कायदा म्हणतात. त्याचे कलम ३३ नियम करण्याविषयीचे आहे. मिरवणुका कोणत्या मार्गाने, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वेळी जाव्यात, हे त्या नियमांनी ठरवता येते. कलम ३६ प्रत्यक्ष रस्त्यावर उपयोगी पडते. जमाव प्रार्थनास्थळाजवळ अडला किंवा चौकात कोंडी झाली, तर ठरावीक दर्जाचे पोलीस अधिकारी या कलमाखाली तोंडी किंवा लेखी आदेश देऊ शकतात. वाद्ये थांबवा, पुढे चला, बाजूने जा, हे सांगण्याचा अधिकार त्यांना इथून मिळतो.

कलम ३७ मात्र वेगळ्या जातीचे आहे. वर्तमानपत्रांत ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशी बातमी येते ती याच कलमाची. पहिल्या पोटकलमाखाली शस्त्रे, काठ्या, दगड, स्फोटके बाळगणे, प्रतिमांचे किंवा प्रेतांचे प्रदर्शन करणे, चिथावणीच्या घोषणा देणे यांवर बंदी घालता येते. तिसऱ्या पोटकलमाखाली सभा किंवा मिरवणूकच मना करता येते. पण अशी बंदी राज्य शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत हे आदेश इतक्या नेमाने निघतात, की त्यांचे गांभीर्य कमी होते. लग्नाची वरात आणि अंत्ययात्रा यांना त्यांतून सहसा वगळलेले असते. तातडीच्या प्रसंगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ वापरतात. १ जुलै २०२४ पूर्वीचे कलम १४४ ते हेच. त्याचा आदेश एरवी दोन महिन्यांपुरता असतो.

एवढे अधिकार हाती असताना परवानगी नाकारायची कशावरून, हा प्रश्न याच पोलीस कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले, तरी जुना पोलीस कायदा गुजरातमध्येही चालू राहिला. १९६९ साली अहमदाबादेत विद्यार्थ्यांच्या संपाच्या संदर्भात रस्त्यावर सभा घेण्यासाठी हिम्मतलाल शाह यांनी परवानगी मागितली आणि पोलिसांनी ती नाकारली. आयुक्तांच्या नियमात एवढेच म्हटले होते, की लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर सभा भरवता येणार नाही. कोणत्या कारणासाठी परवानगी नाकारावी, याविषयी त्यात एक अक्षर नव्हते. १९७२ साली घटनापीठाने कलम ३३ वैध ठरवले, पण हा नियम रद्द केला. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. रस्त्याच्या वापराचे नियमन करता येईल, परंतु अधिकाऱ्याच्या मर्जीवर हा हक्क टांगून ठेवता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. परवानगीच्या अर्जात ‘विषय’ म्हणून काहीही लिहिलेले असो, अधिकाऱ्याने तपासायचे ते मार्ग, वेळ, गर्दी आणि शांततेला असलेला धोका. मोर्चातल्या मागण्या त्याला पटतात की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हे.

इतर देशांनीही याच वळणाने वाट काढली आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका खटल्यात १९४१ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरवणुकीचा परवाना योग्य ठरवला, तो वेळ, ठिकाण आणि पद्धत यांच्यापुरता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८६ च्या कायद्याने निषेध मोर्चासाठी सहा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. तिथे परवानगी मागायची नसते, कळवायचे असते.

रत्नागिरीत संयोजक अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा त्याला काही साध्या गोष्टी विचारल्या जातात. जबाबदार माणूस कोण, किती लोक येणार, वाहने किती, निघण्याची आणि संपण्याची वेळ कोणती, स्वयंसेवक किती. यांत सर्वांत महत्त्वाचा तो मार्ग. मारुती मंदिराकडून जयस्तंभापर्यंतचा रस्ता त्यातल्या त्यात रुंद. रामआळीत मात्र दुकानांच्या पायऱ्यांमधून उरेल तेवढाच रस्ता. तिथे ट्रॉलीवरची उंच मूर्ती, तिच्या मागे ढोलपथक आणि समोरून एखादी रुग्णवाहिका अशी गाठ पडली, तर परवानगीच्या कागदावरची ‘एक बाजू वाहतुकीस मोकळी ठेवावी’ ही अट पाळायला जागाच उरत नाही. म्हणून वाहतूक वळवण्याची अधिसूचना आधीच काढावी लागते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतही संयोजकांनी पोलिसांना भेटून मार्ग ठरवावा, महत्त्वाच्या चौकांत स्वयंसेवक उभे करावेत आणि पोलिसांनी चित्रीकरण करावे असे सांगितले आहे.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन ही मर्यादा रात्री बारापर्यंत वाढवू शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र मानतात. तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, तर निवासी भागात ५५. मोठ्या आवाजातली साधी बातचीतही या आकड्याच्या वर जाते, डीजेचा तर प्रश्नच नाही.

गणपती विसर्जनाच्या वेळी मांडवीच्या किनाऱ्यावर या दहाच्या काट्याला समुद्राचीही साथ घ्यावी लागते. कोळ्यांच्या हिशेबाने तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अनंत चतुर्दशीला ती साडेदहाच्या सुमारास येते, आणि पौर्णिमा तोंडावर असल्याने भरतीही मोठी असते. उशिरा निघालेली मिरवणूक मग नेमकी उधाणाच्या पाण्यात उतरते. त्यामुळे निघण्याची वेळ ठरवताना पंचांग पाहावेच लागते. डोक्यावरून किंवा हातगाडीवरून जाणाऱ्या घरगुती गणपतींना कोणी वेगळी परवानगी मागत नाही आणि कोणी विचारतही नाही.

शिमग्याचे गणित आणखी निराळे. बारा वाड्यांचे ग्रामदैवत श्री देव भैरी याची पालखी रस्त्याने निघते, झाडगावच्या सहाणेवर बसते, वाड्यावाड्यांतून फिरते. तिचा मार्ग कोणा अर्जदाराने ठरवलेला नसतो, तो रूढीने आलेला असतो. न्यायालये अशा रूढीला मान देतात, मात्र सार्वजनिक शांततेच्या अधीन राहून. ब्रिटिश अमदानीत प्रिव्ही कौन्सिलनेही धार्मिक मिरवणूक आपल्या रीतीप्रमाणे रस्त्याने नेण्याचा हक्क मान्य केला होता आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशांचे बंधन त्यावर ठेवले होते. कोकणातल्या गावांत खरी कुरबूर होते ती बहुतेक वेळा मानपानावरून. पालखीला खांदा आधी कोणी द्यायचा, ती आधी कोणाच्या अंगणात जायची, मानकरी कोण, यावर भाऊबंदकी पेटते आणि गावकीत मिटत नाही, तेव्हा प्रकरण तहसीलदारांपुढे येते. मग दोन्ही बाजूंना बोलावून क्रम लिहून घेतात, नाहीतर पालखी काढण्यावरच मनाई येते. कायद्यात ‘क्रम’ हा शब्द आहे, तो अशा ठिकाणी कामाला येतो.

अट मोडली तर त्याच पोलीस अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि कलम ३७ चा आदेश मोडल्यास कैदही होऊ शकते. सहसा नाव लागते ते अर्जावर सही करणाऱ्याचे. परवानगी नाकारली, तर कारण लेखी मागून घ्यावे. कागदावर कारण नसेल तर दाद मागणेही अवघड होते. पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे गाऱ्हाणे मांडूनही भागले नाही, तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. त्यासाठी रत्नागिरीकरांना पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत येतो.