जुन्या गोदामात आपलाही गाळा

आपल्या कारंज्याचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जायचा. मुंबईत लोअर परळला १९०५ सालची फिनिक्स मिल होती. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. फिनिक्सच्या आवारात आता मोठा मॉल आहे. दुकानं, खाणंपिणं, रोषणाई सगळं आलं; गिरणी कामगार मात्र घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले.

आपल्याकडेही जिनिंगची जुनी गोदामं रिकामी असतील, तर तिथे बाजार भरावा, लेकराबाळांनी फिरायला यावं, असं आम्हालाही वाटतं. पण आपल्या पापड-डाळीसाठी गाळा उद्घाटनानंतर मागून मिळत नाही, तो आराखड्यातच लागतो. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: ठराव लिहायचा, सह्या-अंगठे करायचे, नगरपरिषदेत द्यायचा आणि पोच घ्यायची. तुम्हीही लिहा!