प्लास्टिक पचविणारे जंतू



दुधाचे दही करणारे जंतू आपल्या घरोघरी राबतात. तसेच प्लास्टिकच्या बाटल्यांवर जगणारे जंतू जपानातील साकाई शहरी सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यांचे काम फार सावकाश.

पुढे २०२० साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी पालापाचोळ्याच्या खतातील जंतूंचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, घेऊन त्याच्या घडणीत फेरबदल केले. त्याने ७२ अंश उष्णतेत बाटल्यांच्या चुऱ्यापैकी ९० टक्के भाग १० तासांत फोडला. सुट्या झालेल्या मूळ द्रव्यांतून पुन्हा नव्या बाटल्या बनल्या!

पण भगिनींनो, हे घडते कारखान्यात. नाल्यात फेकलेल्या बाटलीपर्यंत ते विकर पोहोचत नाही. बाटली तेथवर पोहोचविण्यासाठी ती कचऱ्यातून निराळी ठेवणे आपल्याच हाती आहे.