वॉर्डातली मोठी सिस्टर

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत डॉक्टर राऊंड घेऊन जातात. वॉर्ड चालवते ती परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर. रात्री कोण झोपलं नाही, कुणी ताट परत पाठवलं, कुणी गोळी गालात दाबून ठेवली, यावर तिचं लक्ष असतं. गोळीनंतर तोंड उघडायला लावणं हा पोलिसी खाक्या नव्हे. साठवलेल्या गोळ्या कुणी एकदम घेऊ शकतं. लिथियम हे औषध चालू असेल तर हाताची थरथर, उलट्या, जुलाब बघायचे, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण थोडं वाढलं तरी घातक ठरतं.

खरी कसोटी रुग्ण खवळतो तेव्हा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार एकांतात कोंडणं वर्ज्य. बांधून ठेवणं फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. कर्मचारी कमी आहेत, ही सबब कायद्याला चालत नाही. (वॉर्डात मात्र ते बहुधा कमीच असतात!) म्हणून येरझाऱ्या, चढता आवाज, आवळलेल्या मुठी आधीच हेराव्या लागतात. मग बाकीच्यांना बाजूला करून, दोन हात अंतर राखून सिस्टर हळू आवाजात विचारते, "दादा, काय झालं?"

तुमच्या घरात कुणाला मानसिक त्रास असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे १४४१६.