रस्ते निवडण्याचे गणित
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



गावच्या जत्रेला जाताना डांबरी रस्ता नेमका कोठे संपतो, हे आपल्यातील पुष्कळांस ठाऊक आहे. तो पुढे का गेला नाही, असे विचारल्यास पुढाऱ्यांकडे बोट दाखविले जाते. ते सर्वस्वी चूक नव्हे. परंतु या निवडीचे एक शास्त्रही आहे, तेच आज आम्हांस निवेदन करावयाचे आहे.

१९४३ च्या डिसेंबरात देशातील मुख्य अभियंते नागपुरास जमले व त्यांनी वीस वर्षांची रस्ते-योजना आखली. मुख्य रस्त्यांसाठी त्यांनी सूत्र बांधले: शेतीच्या दर पाच चौरस मैल प्रदेशास एक मैल रस्ता, इतर प्रदेशात दर वीस चौरस मैलांस एक मैल, दोन ते पाच हजार वस्तीच्या गावास एक मैल, त्याहून मोठ्यास पाच. त्यात भावी वाढीची भर घालावयाची व लोहमार्गाची लांबी वजा करावयाची.

या सूत्राने एकूण लांबी कळते. दोन रस्त्यांपैकी आधी कोणता, हे कळत नाही. त्यासाठी लाभ व खर्च यांची तुलना करतात. फ्रेंच अभियंता द्युपुई याने १८४४ साली या विचाराचा पाया घातला. इंधन, वेळ व अपघात यांतील दरसालची बचत पैशांत मांडून तिला व्यापाऱ्याच्या हुंडीप्रमाणे कटमिती लावतात. दरसाल १२ टक्के दराने, दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल अवघे ३२ रुपये भरते. अशा बेरजेची खर्चाशी तुलना करून रस्त्यांचा क्रम लागतो.

खरी मेख येथेच आहे. मोटारीतील व्यापाऱ्याचा तास महाग व बाजारास निघालेल्या शेतकऱ्याचा तास स्वस्त धरला, तर बेरीज बिनचूक असूनही न्याय चुकतो. जेथे रस्ताच नाही तेथे वाहने मोजावयास गेल्यास हाती शून्यच येणार. आणि दवाखाना न गाठू शकलेली बाळंतीण त्या मोजणीत येतच नाही.

म्हणून गणितास नावे ठेवू नयेत, तसेच त्यापुढे मुकाट्याने मानही तुकवू नये. मंडळाचा जमाखर्च आपण दरसाल वाचून घेतो. त्याच दक्षतेने ग्रामसभेत विचारावे: वाहने केव्हा मोजली, तासाचे मोल काय धरले, आणि कोणास मोजावयाचे राहिले?