पाड्यावरून पॅरिसला

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी फोन केला तेव्हा विषय सांगितला, ‘परदेशी गेलेल्या कलाकारांचे गमतीदार अनुभव’. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही महाराष्ट्र शासनाचे नोकर. आमचा परदेश म्हणजे तलासरीची हद्द ओलांडून सिल्वासाला येणं! त्यात आम्ही स्थापत्याचे डिप्लोमावाले. पट्टीशिवाय आम्हाला सरळ रेघ ओढता येत नाही, आणि चित्रकलेवर काय बोलणार? पण नोकरीच्या निमित्तानं डहाणू-तलासरीचे पाडे पायाखाली घातले. तिथल्या भिंती बघितल्या, त्या भिंतींवरची चित्रं कुठं कुठं जाऊन आली ते ऐकलं, वाचलं. तेवढ्या भांडवलावर आज उभे आहोत.

आपल्याकडे म्हण आहे, पिकतं तिथं विकत नाही. आपल्या या भागात काय पिकतं? भात, नागली, आंबा आणि वारली चित्र. दादरा-नगर हवेलीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना वारली समाज नवा नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी वारली, शेजारच्या कारखान्यातला कामगार वारली, खानवेलच्या बाजारात भाजी देणारी बाई वारली. त्यांचं चित्र मात्र आपल्याला पडद्यावर, चहाच्या कपावर आणि चादरीवर जास्त भेटतं.

मुळात हे चित्र विकायसाठी नव्हतंच. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर शेण-माती आणि गेरूचा हात द्यायचा, तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा. चौक लिहायच्या त्या सवाष्णी. चौकात पालघाट देवी बसते आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आमच्या खात्यात ना हरकत प्रमाणपत्राशिवाय काम पुढं सरकत नाही, तसंच. फरक इतकाच की देवीचं प्रमाणपत्र वेळेवर मिळतं.

आता हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं कसं? इथं एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. भास्कर कुलकर्णी. १९६६ च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. कशासाठी? तिथल्या बायकांना कागद द्यायला! लोक दुष्काळात धान्य वाटतात, हा माणूस कागद वाटत फिरला. त्या कागदावरच्या चित्रांतून घरात पैसा आला आणि आज मधुबनी हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तेच कुलकर्णी पुढं १९७० नंतर आपल्या डहाणू भागात आले. इथं त्यांना भेटले गंजाडचे जिव्या सोमा म्हशे.

गंजाड म्हणजे इथून सकाळी निघालं तर जेवणाच्या आत पोचावं असं गाव. जिव्यादादांची आई ते लहान असताना गेली. त्या धक्क्यानं पोरानं काही वर्षं बोलणंच सोडलं आणि सांगायचं ते धुळीत बोटानं काढून दाखवायला लागलं, असं सांगतात. चित्र काढणं हे बायकांचं काम, आणि हा गडी रोज काढत बसायचा. लग्न नाही, कार्य नाही, नुसतंच काढायचा. पाड्यावर लोक हसले असतील, पण त्याच हातानं १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणला आणि २०११ साली पद्मश्री. १९८९ मध्ये पॅरिसला पोंपिदू केंद्रानं जगभरच्या शंभरएक कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात जिव्या सोमा म्हशे होते. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग नावाच्या प्रसिद्ध इंग्रज कलावंताच्या जोडीनं त्यांचं काम मांडलं गेलं. त्याआधी हे लाँगसाहेब आपल्या वारली मुलखात येऊन गेले होते.

या लाँगसाहेबांचं काम काय, तर माळावर चालायचं, दगड-माती गोळा करायची आणि त्याची वर्तुळं मांडायची. आमच्या खात्यात कुणी असं केलं असतं तर मोजमाप पुस्तकात ती खडी कुठल्या कामाची, असा प्रश्न आला असता! पण मंडळी, जरा विचार करा. एक माणूस इंग्लंडहून माती बघायला आपल्याकडे येतो आणि आपल्याकडचा माणूस त्याच मातीची चित्रं घेऊन जर्मनीला पोचतो. यात पाहुणा कोण आणि यजमान कोण?

परदेशी गेलेल्या आपल्या माणसाची आपण नेहमी एकच गंमत सांगतो. त्याला काटा-चमचा धरता आला नाही, सरकता जिना बघून तो घाबरला, इंग्रजीत काहीतरी भलतंच बोलला. म्हणजे हसायचं ते आपल्याच माणसाला. या चित्रकारांनी गंमत उलटी केली. ते तिथं गेले, त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि परदेशच आपल्या रेषेत पकडून आणला.

मधुबनीच्या गंगादेवींचं बघा. १९८५ साली अमेरिकेत भारत महोत्सव झाला तेव्हा त्या तिकडं गेल्या. खेड्यातली बाई, आयुष्यभर कोहबर आणि रामायण काढलेलं. तिथं काय बघितलं? रोलर कोस्टर! आपल्या जत्रेतल्या पाळण्याचा थोरला भाऊ, पोटातलं पाणी तोंडाशी आणणारा. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून देवाचं नाव घेतलं असतं. गंगादेवींनी घरी येऊन त्याचं मधुबनी चित्र काढलं. ज्या रेषेत सीता बसते, त्याच रेषेत अमेरिकन पाळणा बसवला. चित्रात पाळणाही मिथिलेचाच दिसतो, आणि त्यात बसलेली माणसंही.

याच्याही पुढची गोष्ट भज्जू श्यामची. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचा गोंड चित्रकार. भोपाळला रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम केलेला माणूस. २००२ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका भारतीय हॉटेलच्या भिंती रंगवायला त्यांना बोलावलं. दोन महिने राहिले. परत आल्यावर त्यांनी जे जे बघितलं त्याची चित्रं काढली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सनं त्याचं पुस्तक काढलं, ‘द लंडन जंगल बुक’.

विमान म्हणजे काय? एवढं जड धूड उडतं कसं? भज्जूंनी उडणारा हत्ती काढला. जमिनीखालून धावणारी रेल्वे म्हणजे गांडूळ. बरोबरच आहे, जमिनीखालून रस्ता काढणारा दुसरा कोण? रोज हॉटेलवर नेणारी तीस नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. वळणावर दिसली की जिवात जीव येतो, आपल्याला घरी सोडते, चुकत नाही. लंडनचं ते प्रसिद्ध बिग बेन घड्याळ म्हणजे कोंबडा. गावाकडं वेळ कोंबडा सांगतो, तिथं मनोरा सांगतो, म्हणून दोघं एकाच चित्रात. आणि इंग्रज माणूस? दिवसभर गप्प, कामात बुडालेला. अंधार पडला की बाहेर पडतो, घोळक्यानं जमतो, पितो, गलका करतो. भज्जूंनी त्याला वटवाघूळ केलं!

एका गोऱ्या साहेबानं आपल्या जंगलावर ‘जंगल बुक’ लिहिलं होतं. शंभर वर्षांनी जंगलातल्या माणसानं साहेबाच्या शहरावर जंगल बुक काढलं, आणि साहेबानं ते विकत घेऊन वाचलं. याला म्हणतात सव्याज परतफेड. २०१८ मध्ये भज्जूंनाही पद्मश्री मिळाली.

आता मंडळी, हसून झालं. एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती गणपतीसमोर सांगायला हरकत नाही. भज्जूंना ज्यांनी हाताला धरून चित्र शिकवलं, ते त्यांचे काका जनगढसिंह श्याम. तेही १९८९ च्या त्या पॅरिसच्या प्रदर्शनात होते, आपल्या जिव्यादादांबरोबर. २००१ च्या जुलैत ते जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढत राहिले होते आणि तिथंच त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आसपास. भाषा कळत नाही, घर लांब, हातात काम आणि मनात काय होतं ते विचारायला जवळ आपलं कुणी नाही. पुढच्याच वर्षी भज्जू विमानात बसले. घरात काय झालंय हे ठाऊक असताना त्या माणसाला विमानात हत्ती दिसला आणि बसमध्ये इमानी कुत्रा. त्यांच्या विनोदाची किंमत तेव्हा आम्हाला कळते. परक्या मुलखात जो माणूस ओळखीचं काहीतरी शोधून काढतो, तो तगतो.

आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरी, नाशिक, जळगाव, साताऱ्याहून आपले वाडवडील इथं आले, कुणी कारखान्यात, कुणी शाळेत, कुणी सरकारी कचेरीत. इथली भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. तेव्हा त्यांनी काय केलं? गणपती बसवला. दमणगंगेच्या काठी ओळखीचं काहीतरी उभं केलं. हे मंडळ तेच आहे.

म्हणूनच एक सूचना मांडतो. मखरामागं वारली चित्राचा छापील फ्लेक्स लावायची पद्धत आता सगळीकडं आहे. हे फ्लेक्स आम्ही बरेच बघितले. एकात तारपावाला फेराच्या बाहेर कोपऱ्यात उभा आणि नाचणारे त्याच्याकडं पाठ करून. वारली माणूस तारप्याला पाठ दाखवत नाही! तारपावाला वळेल तसा फेर वळतो. संगणकाला हे ठाऊक नसतं, पण इथून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या पाड्यातल्या पोराला ठाऊक असतं.

पुढच्या वर्षी मंडळानं हवेलीतल्याच वारली चित्रकारांना बोलवावं. आम्ही अंदाजपत्रक करायला तयार आहोत, तेवढंच आम्हाला येतं. त्यात कापड, गेरू आणि रंगाचा खर्च वेगळा धरावा, मजुरीचा दर आधी ठरवावा आणि पैसे विसर्जनाच्या आधी हातात द्यावेत. ‘हौसेनं काढा, नाव होईल’ असं सांगू नये. नाव मात्र खरोखर व्हावं, म्हणून देणगीदारांच्या यादीच्या वर, ठळक अक्षरांत, चित्रकाराचं नाव आणि गाव लिहावं. आणि काय काढायचं ते त्यांना विचारावं. पालघाट देवीचा चौक लग्नाचा आहे, तो मखरामागं चालेल का, हे ते सांगतील. त्यांनी नाही म्हटलं तर तारपा काढू, भातलावणी काढू. उंदीर तर त्यांच्या चित्रांत पूर्वीपासून आहेत, बाप्पालाही सोयीचं!

आणखी एक. मुलांना त्या दिवशी शेजारी बसवावं. कुंचला कसा करतात ते बघू द्यावं. आणि त्या चित्रकाराला आरतीला थांबवून घ्यावं, मोदक वाढावा, आपल्या या सगळ्या गडबडीकडं त्याला निवांत बघू द्यावं. ढोलताशा, मोबाईलवर आरतीचं चित्रण करणारे काका, प्रसादाच्या रांगेत दोनदा उभे राहणारे आम्ही. मग तो आपल्याला कशात काढतो ते बघू. इंग्रज वटवाघूळ झाला. आपण निदान मोर तरी व्हावं एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना. कावळा झालो तरी राग मानू नये, चित्र चांगलं असलं म्हणजे झालं.

जिव्या सोमा म्हशे १५ मे २०१८ रोजी गेले. त्यांची मुलं, नातेवाईक, पाड्यावरची नवी पिढी अजून काढते आहे. पॅरिसला त्यांची किंमत कळली, जपानला कळली. सिल्वासा तर त्यांच्या घराच्या अंगणात आहे.

 आता आरतीला उशीर नको.

गणपती बाप्पा मोरया!