बाभळीची मोगरी

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतला माणूस म्हणजे व्याजदरावर बोलणार, असं आपल्याला वाटलं असेल. व्याजदर येईल, पण थोडाच. आज मी बोलणार आहे ते या टेबलावर ठेवलेल्या वस्तूबद्दल. हात लावून बघा, वजन बघा. ही मोगरी, म्हणजे सुताराचा लाकडी हातोडा. बाभळीच्या एकाच तुकड्यातून मी ती खरादावर काढली आहे. खराद म्हणजे लाकडाचं लेथ. खरादकाम करणाऱ्याला पुण्याकडे कातारी म्हणत. आपल्याकडे खरादी हा शब्द जास्त कानावर येतो.

लोखंडी हातोडा असताना ही कशाला? पटाशीला, किकऱ्याला लाकडी दांडा असतो. त्यावर लोखंड बसलं की दांड्याचं डोकं फुटतं, चिरफळ्या निघतात. मोगरीचं तोंड रुंद, आणि लाकडावर लाकूड बसतं, म्हणून दांडा टिकतो आणि घावही ताब्यात राहतो. लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत माझ्याकडे कारागीर कर्जाचं टेबल होतं. तेव्हा एका सुतारमामांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं : "साहेब, मोगरी मार खाते म्हणून पटाशी जगते."

त्यांच्याकडे दोरीचा खराद होता. दोन टोकांत लाकूड धरायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा. पोरगा दोरी मागे-पुढे ओढणार आणि मामा पटाशी धरणार. लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतं आणि कापणी एकाच दिशेला होते. म्हणजे निम्मा वेळ हत्यार मागे घेऊन थांबायचं. तरीही त्याच खरादावर पाळण्याचे खुंट, खाटेचे पाय, लाटणी आणि रवीच्या दांड्या निघत. तिकडे कोकणात सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. खरादावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. विद्या तीच, माल वेगळा.

आता लाकूड. किनवट-माहूरचा साग आपल्या जिल्ह्याचा अभिमान. दार-खिडकीला उत्तम, पण मोगरीला मऊ पडतो. मोगरीला जड आणि चिवट लाकूड लागतं. चिंच चालते, धावडा चालतो. पण गोदावरी-मांजराकाठच्या काळ्या रानात बांधावर सहज मिळते ती बाभूळ. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, तिफण, कुळव यांना आपल्या बापजाद्यांनी बाभूळच वापरली. आज तीच बाभूळ आपण चुलीत घालतो किंवा रस्ता रुंद करताना फेकून देतो.

तुकडा घ्यायचा तो अगदी मधल्या गाभ्यातला नको, कारण चीर तिथूनच सुटते. ओलं लाकूड सावलीत वाळवायचं, वर्षभर तरी. दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून ठेवायचा, म्हणजे टोकांतून पाणी झपाट्याने उडत नाही आणि तडे जात नाहीत.

कृती सांगतो. तीन इंच चौरस आणि अकरा इंच लांब तुकडा घ्या. टोकांवर कर्ण मारले की मध्य सापडतो. रंध्याने चारही कोपरे उतरवून तुकडा आठपैलू करा. मग तो खरादाच्या दोन टोकांत घट्ट धरा. हत्यार टेकवायचं टेकण लाकडाच्या जवळ घ्या आणि लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठे घासत तर नाही ना. मगच बटण. सुरुवातीला मिनिटाला पाचशे-सहाशे फेरे पुरेत. तुकडा गोल झाल्यावर हजाराच्या पुढे जा.

गोल पटाशी आधी टेकणावर ठेवायची. मग तिची घासलेली पाठ लाकडाला टेकवायची आणि मूठ हळूहळू वर उचलायची. धार आपोआप कापायला लागते. धार आधी घुसवली तर ती अडकते आणि हत्यार हातातून हिसकलं जातं. डोकं पाच इंच लांब, पावणेतीन इंच व्यासाचं ठेवायचं. मूठ सव्वा इंचाची, मध्ये दोन सूत जास्त, म्हणजे तळहात भरतो. डोकं मुठीकडे थोडं निमुळतं करायचं. आपला हात कमानीत फिरतो, त्या उतारामुळे घाव पटाशीवर सपाट बसतो.

आणि पोरांनो, हे नीट ऐका. खरादाजवळ ओढणी, मफलर, गळ्यातली साखळी, सैल बाही चालत नाही. हातमोजेसुद्धा नकोत, फिरतं लाकूड कापड पकडतं आणि मागोमाग हात ओढतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. पॉलिश कागद लावताना टेकण काढून ठेवायचं.

शेवटी जवसाचं तेल. आपल्याच रानातलं. ते हळूहळू वाळून लाकडावर पक्कं होतं. व्हार्निश नको, मूठ घसरते. मात्र तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तो दोरीवर पसरून वाळवा.

गोल मोगरीचा एक गुण असा की तिला ठरावीक बाजू नसते. एका ठिकाणी खड्डे पडले की हातात थोडी फिरवायची. सगळीकडून झिजली की पुन्हा खरादावर चढवून एक पातळ थर काढायचा. मोगरी बारीक होते, पण कामाला येते.

हे सगळं आज का सांगतो? एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर सुरू झाला. त्या काळात सुतारांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. मी आधी विचारायचो, "गावात काम किती आहे?" तेव्हा उत्तर भरभरून मिळायचं : नांगर, गाडी, माळवदाच्या तुळया, दारं. मग ट्रॅक्टर आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांच्या अंगावर कोसळली. त्यानंतर घरं सिमेंट-काँक्रीटची झाली, ते योग्यच झालं. पण तुळया घडवणाऱ्या सुताराचं एक मोठं काम त्याबरोबर गेलं. उरलंसुरलं प्लायवूड आणि तयार फर्निचरने नेलं.

१७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे, आणि हातोडे व अवजारं बनवणारा कारागीरही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. झाला व्याजदर! योजना चांगली आहे. पण चाळीस वर्षं कर्जाचे कागद पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, कर्जाने अवजार येतं, गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक आपण आहोत.

पंचवीस वर्षांत आपल्या इमारतींतून किती खुर्च्या, पाट, देव्हारे एक पाय मोडला म्हणून भंगारात गेले, ते आठवा. म्हणून समितीपुढे माझे दोन प्रस्ताव आहेत. पंपाशेजारची रिकामी खोली दुरुस्तीसाठी द्यावी. माझा छोटा खराद मी तिथे ठेवायला तयार आहे. आवाज आणि भुसा होतो म्हणून वेळ दुपारी चार ते सहाच. दुसरं, महिन्यातून दोन दिवस परिसरातल्या एखाद्या सुताराला तिथे बोलवावं, ठरलेली मजुरी द्यावी, आणि आपल्या मुलांनी त्याच्या शेजारी बसून शिकावं. खर्चाचा अंदाज मी सचिवांकडे लेखी दिला आहे.

समितीने होकार दिला, तर पहिली मोगरी मुलांच्या हातून निघेल आणि ती त्या सुताराला भेट द्यायची. बाभळीचे चार ओंडके मी गच्चीवर सावलीत वाळत ठेवलेच आहेत. कृपा करून ते कुणी होळीला नेऊ नयेत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.