जुन्या संगणकावरील अनावश्यक भार



छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावरील वाळूजची औद्योगिक वसाहत सर्वपरिचित आहे. १९८५ मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग या परिसरात उभे राहिले. अशा उद्योगात वेळेला फार मोल असते. माल तयार असतो, टेम्पो दाराशी उभा असतो. परंतु कागदपत्रे निघाल्याखेरीज तो हलू शकत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आंतरराज्य मालवाहतुकीस सर्वसाधारणपणे ई-वे बिल आवश्यक ठरले. कार्यालयातील संगणक त्यामुळे उत्पादनाच्या साखळीतील एक यंत्रच बनला. लेथ अडखळला तर तत्काळ दुरुस्ती होते. संगणकाची दिरंगाई मात्र 'आता तो जुना झाला' एवढे म्हणून सोसली जाते.

जुनेपणा हे मंदगतीचे एकमेव कारण नसते. कारखान्यात जॉब न लावता फिरत राहिलेला लेथ वीज खातो, त्याचप्रमाणे संगणकातही कोणाच्या उपयोगी न पडणारी कामे चालू असतात. ती ओळखून थांबविणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.

पडद्याआडची कामे

संगणक सुरू होताच प्रचालन प्रणाली अनेक लहान कार्यक्रम आपणहून चालू करते. त्यांना 'सर्व्हिसेस' अथवा सेवा म्हणतात. छपाईची रांग सांभाळणे, जाळ्याशी जोडणी राखणे, फायलींची सूची तयार ठेवणे, घड्याळ जुळविणे अशी कामे त्या करतात. त्यांची खिडकी पडद्यावर दिसत नाही. तथापि स्मृती, प्रक्रियक आणि डिस्क यांतील वाटा त्या घेतात. चार जीबी स्मृतीच्या यंत्रात हा वाटा जाणवण्याइतका मोठा ठरतो. स्मृती अपुरी पडली की प्रणाली डिस्कचा आधार घेते, आणि फिरत्या चकतीची डिस्क स्मृतीपेक्षा कितीतरी मंद असल्यामुळे सारे काम रेंगाळते.

विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. कोणते काम किती स्मृती व डिस्क वापरते, ते तेथे दिसते. सेवांची संपूर्ण यादी 'सर्व्हिसेस' या खिडकीत मिळते. तेथे प्रत्येक सेवेपुढे ती आपोआप सुरू होते, मागणी आल्यावर सुरू होते, की बंद ठेवली आहे, हे नमूद असते. मागणीवर चालणारी सेवा बहुधा स्वस्थ बसलेली असते. ती कायमची बंद करून वेग वाढत नाही. लक्ष द्यावयाचे ते आपोआप सुरू होणाऱ्या आणि प्रत्यक्ष भार टाकणाऱ्या कामांकडे.

काय थांबवावे, काय थांबवू नये

प्रारंभ 'स्टार्टअप' या यादीपासून करणे हितावह आहे. संदेशांची ॲप्स, विकून टाकलेल्या प्रिंटरची साधने, मेघसाठ्याशी फायली जुळविणारे कार्यक्रम असा बराच पसारा तेथे साचलेला आढळतो. यातील मेघसाठ्यावर हिशेबाची राखीव प्रत जात असेल, तर तो कार्यक्रम मात्र चालूच ठेवावा. त्यानंतर सेवांकडे वळावे. फायलींची सूची करणारी 'विंडोज सर्च' आणि नेहमीचे कार्यक्रम आधीच स्मृतीत आणून ठेवणारी 'सिसमेन' या दोन सेवा जुन्या डिस्कवर कधी कधी ताण आणतात. त्या थांबविल्याने प्रत्येक यंत्राचा वेग वाढतोच असे नाही. म्हणून प्रयोग करूनच निर्णय घ्यावा.

अनावश्यक सेवा थांबविण्याचा दुसरा लाभ सुरक्षिततेचा आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या 'प्रिंट स्पूलर' या सेवेत गंभीर दोष आढळला. तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून ती बंद करण्याचा मार्ग मायक्रोसॉफ्टनेच सुचविला होता. ज्या यंत्रावरून छपाई होत नाही, तेथे ही सेवा नसली तरी चालते. मात्र बीजकाची पीडीएफ प्रतही अनेकदा याच सेवेमार्फत तयार होते, हे ध्यानात ठेवावे.

काही सेवांना हात लावणे धोक्याचे आहे. विषाणूप्रतिबंधक, फायरवॉल, जाळ्याची जोडणी आणि सुरक्षा-अद्यतने यांच्या सेवा चालूच राहिल्या पाहिजेत. हिशेबाच्या अथवा आरेखनाच्या सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारी सेवा थांबली, तर ते सॉफ्टवेअरच उघडेनासे होण्याचा संभव असतो. अद्यतनांमुळे यंत्र मंदावते म्हणून ती कायमची बंद करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचे मोल किती पडू शकते, हे जून २०१७ मध्ये दिसले. 'नॉटपेट्या' या विषाणूच्या जागतिक हल्ल्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. या विषाणूने ज्या मार्गांनी प्रसार साधला, त्यांतील एका दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

नोंद ठेवूनच बदल

बदल करण्यापूर्वी हिशेबाची राखीव प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. एका वेळी एकच सेवा थांबवावी. तिचे नाव, मूळ स्थिती आणि दिनांक वहीत लिहावा. नंतर यंत्र 'रीस्टार्ट' करावे. विंडोज १० मध्ये नुसते 'शट डाउन' केल्यास जलद प्रारंभाच्या सोयीमुळे प्रणालीचा काही भाग जपून ठेवला जातो व खरी तुलना होत नाही. बीजक, लेबल, ई-वे बिल, बँकेचे काम असे सारे व्यवहार सुरळीत होतात, याची काही दिवस खात्री करूनच पुढील सेवेकडे वळावे. अडचण आलीच, तर वहीतील नोंदीवरून मूळ स्थिती क्षणात पूर्ववत करता येते.

उपायाची मर्यादा

या उपायाने जुने यंत्र नवे होत नाही. त्यानंतरही वेग अपुरा वाटल्यास स्मृती वाढविणे आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविणे, हा नव्या संगणकाहून पुष्कळ कमी खर्चाचा मार्ग आहे. आणखी एक बाब महत्त्वाची आहे. विंडोज १० ची नियमित विनामूल्य सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विस्तारित अद्यतनांच्या योजनेत यंत्राची नोंदणी करणे, चालत असल्यास विंडोज ११ स्वीकारणे, अथवा सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस'सारख्या लिनक्स प्रणालीकडे वळणे, असे पर्याय त्यापुढे उरतात. लिनक्स घेण्यापूर्वी आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते की नाही, हे तपासावे. वेगवान परंतु असुरक्षित यंत्रावर कारखान्याचे हिशेब सोपविणे शहाणपणाचे नव्हे.

यंत्र मोडीत काढण्याआधी त्याची तपासणी करणे, ही कारखानदारीची जुनी शिस्त आहे. तीच शिस्त संगणकास लावली, तर लघुउद्योजकाचा पैसा वाचेल आणि दाराशी उभा असलेला टेम्पो वेळेवर निघेल.